रोजंदारीचे सूर : सुरुवातीच्या जॅझ आणि ब्लूज बँडची ओळख

1923 च्या एप्रिलमध्ये शिकागोतला सात वादकांचा एक बँड इंडियाना राज्यातल्या रिचमंड गावी आला. गावात स्टार कंपनीचा पियानोंचा कारखाना होता आणि त्याच आवारात ‘जेनेट’ तबकड्यांचा स्टुडिओ. शेजारून रूळ गेलेले. गाडी आली की मुद्रण थांबवायचं. मायक्रोफोन अजून स्टुडिओत पोचला नव्हता. वादकांनी एका मोठ्या कर्ण्यासमोर वाजवायचं, कर्ण्याच्या टोकाला पडदा, पडद्याला सुई, आणि ती सुई फिरत्या मेणावर चर कोरणार. बेस ड्रमचा जोरकस ठोका पडला तर सुई उडायची. म्हणून बेबी डॉड्स या तरुण ड्रमरला बहुतेक साज बाजूला ठेवून लाकडी ठोकळ्यांवर भागवावं लागलं. बिल जॉन्सन मुळात बेस वाजवणारा. त्याच्या हाती बँजो आला. दुसऱ्या कॉर्नेटवर एकवीस वर्षांचा लुई आर्मस्ट्राँग होता. त्याचा आवाज एवढा मोठा की बँडचा म्होरक्या किंग ऑलिव्हर त्यात बुडू लागला. शेवटी आर्मस्ट्राँगला बाकीच्यांपासून बराच मागे, एकट्याला उभं केलं. ही हकिगत पियानोवर बसलेल्या लिल हार्डिनने पुढे सांगितली. वर्षभरात तिने आर्मस्ट्राँगशी लग्नही केलं.

याच रिचमंडमध्ये त्या काळी कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेचा मोठा जोर होता, आणि पैसे मोजले की क्लॅनच्या तबकड्याही जेनेटच्याच यंत्रांवर निघत. कारखानदाराला गिऱ्हाईक सारखंच.

जॅझचा इतिहास लिहिणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने ऑलिव्हरच्या या तबकड्यांवर भिस्त ठेवली आहे, आणि ते रास्तच आहे. न्यू ऑर्लिन्सच्या कृष्णवर्णीय वादकांचा मुरलेला बँड याआधी एवढा सविस्तर कुठे ऐकायला मिळत नाही. मात्र शिकागोच्या लिंकन गार्डन्समध्ये हाच बँड नाचणाऱ्या गर्दीसमोर रात्र रात्र वाजवत असे, तिथे त्याचा ड्रम पूर्ण घुमत असे, आणि गर्दीला हवी असेल तोवर एकच चीज चालत असे. तबकडीवर सगळं तीनेक मिनिटांत आटपायचं. तेव्हा हाती आलेला हा पुरावा कर्ण्याने आधीच चाळून घेतलेला आहे. सुरुवातीच्या जॅझ-ब्लूजमध्ये शैली म्हणून जे काही ओळखलं जातं, त्यातला बराच भाग वादकाच्या कामाच्या जागेने ठरवला: मिरवणुकीचा रस्ता, जाहिरातीची घोडागाडी, नाचाचा हॉल, तंबूतला खेळ, नदीवरची बोट आणि शेवटी स्टुडिओ. इथे या बँडची ओळख त्याच वाटेने करून दिली आहे.

न्यू ऑर्लिन्स हे मिसिसिपी नदीच्या मुखाजवळचं बंदर. आधी फ्रेंच, मग स्पॅनिश, पुन्हा फ्रेंच आणि 1803 पासून अमेरिकन. कॅथलिक सण, ऑपेरा, क्यूबाकडून येणाऱ्या लयी आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत काँगो स्क्वेअरमध्ये रविवारी गुलामांचं ढोलांवर चालणारं नाचगाणं, हे सगळं एकाच गावात. गावातल्या क्रिओल समाजाचं, म्हणजे फ्रेंच बोलणाऱ्या मिश्रवंशीय कुटुंबांचं, एक वेगळं स्थान होतं. त्यांच्यात कारागीर होते, छोटे व्यापारी होते, आणि मुलाला नोटेशन वाचायला शिकवणं ही घरची रीत होती. 1890 मध्ये लुइझियाना राज्याने रेल्वेत गोऱ्यांचे आणि इतरांचे डबे वेगळे करणारा कायदा केला. त्याला आव्हान देणारा होमर प्लेसी हा याच समाजातला चांभार. 1896 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्याविरुद्ध निकाल दिला आणि क्रिओलांचं ते मधलं स्थान कायद्याच्या लेखी उरलं नाही.

जॅझच्या जन्माची नेहमी सांगितली जाणारी गोष्ट इथूनच सुरू होते: वाचणारे क्रिओल आणि कानाने वाजवणारे, गावाच्या अपटाउन भागातले कृष्णवर्णीय एकत्र आले आणि जॅझ झालं. गोष्ट अगदीच खोटी नाही, पण जरा जास्तच नीटनेटकी आहे. दोन्ही बाजूंचे वादक आधीपासून एकाच गावात एकमेकांना ऐकत होते, एकाच कामासाठी झगडत होते. शिक्षणाचा धागा मात्र खरा आहे, आणि तो लोरेन्झो टिओ पितापुत्रांच्या क्लॅरिनेटपाशी स्पष्ट दिसतो. धाकट्या टिओकडे शिकलेल्यांत जिमी नून, बार्नी बिगार्ड, जॉनी डॉड्स अशी नावं आहेत. आपल्याकडे याला सरळ घराणं म्हटलं असतं.

या वादकांना काम देणाऱ्यांत सर्वांत भरवशाच्या होत्या त्या परस्पर साहाय्य करणाऱ्या मंडळ्या. सभासद वर्गणी भरत. आजारपणात औषधपाणी आणि मेल्यावर बँडसह अंत्ययात्रा ही मंडळीची जबाबदारी. दफनभूमीकडे जाताना संथ भजनं, आणि देहाचा निरोप घेऊन झाल्यावर परतताना तोच बँड उसळत्या लयीत. मागे हौशी लोकांची रांग, छत्र्या नाचवत चालणारी. तिला ‘सेकंड लाइन’ म्हणतात. जॅझच्या लयीतली ती चालण्याची झोकदार ढब या रस्त्यावरची आहे. एक्सेल्सिअर आणि ऑनवर्ड हे तिथले नावाजलेले ब्रास बँड.

नाचाच्या कार्यक्रमाची जाहिरातही बँडच करायचा. घोडागाडीत वादक बसवायचे आणि गावभर फिरवायचं. दोन गाड्या चौकात समोरासमोर आल्या की चाकाला चाक बांधत आणि लोक एकाची बाजू घेईपर्यंत जुगलबंदी चाले. ट्रॉम्बोनची नळी पुढे-मागे सरकवायला जागा लागते, म्हणून ट्रॉम्बोनवाल्याला गाडीच्या मागच्या उघड्या फळीपाशी बसवत. त्यावरूनच लांब घसरत जाणाऱ्या, थोड्या उर्मट ट्रॉम्बोनवादनाला ‘टेलगेट’ हे नाव पडलं. किड ओरी त्यातला उस्ताद.

हॉलमध्ये शिरल्यावर जमाखर्च बदलला. मिरवणुकीत बेस ड्रम एकाच्या गळ्यात आणि स्नेअर दुसऱ्याच्या. हॉलमध्ये दोघांना पोसणं परवडत नव्हतं. पायाने बेस ड्रम वाजवण्याच्या घरगुती युक्त्या 1890 च्या दशकापासूनच चालू होत्या, आणि 1909 मध्ये लुडविगने पायाच्या पेडलचं पेटंट घेतलं तेव्हा एका माणसाने दोघांचं काम करणं सर्रास झालं. आज जगभर ज्याला ड्रम सेट म्हणतात तो या काटकसरीतून आला. बाकीची मांडणीही ठरत गेली. कॉर्नेट चाल धरून ठेवणार, क्लॅरिनेट वरच्या पट्टीत तिच्याभोवती वेलबुट्टी काढणार, ट्रॉम्बोन खालून आधार देत फटी बुजवणार. मागे गिटार किंवा बँजो, बेस किंवा ट्यूबा, आणि ड्रम. तिघे एकाच वेळी आपापलं वाजवतात, आणि तरीही गोंधळ होत नाही, कारण प्रत्येकाची हद्द आखलेली आहे. पुढच्या काळातल्या जॅझमध्ये एकेकाने पुढे येऊन वाजवणं आणि बाकीच्यांनी साथ करणं हा रिवाज पडला. इथे तो जवळजवळ नाही.

या मांडणीचा पहिला नायक म्हणून बडी बोल्डनचं नाव घेतात. 1877 मध्ये जन्मलेला हा कॉर्नेटवादक, त्याचा एकच फोटो सापडतो, आणि त्याच्या वादनाचा एकही सूर मुद्रित स्वरूपात हाती नाही. 1906 पासून त्याच्या मनाचा तोल ढळू लागला, 1907 मध्ये त्याला जॅक्सन गावच्या मनोरुग्णालयात ठेवलं आणि 1931 मध्ये तो तिथेच गेला. जिथे पुरावा नसतो तिथे आख्यायिका माजतात. बोल्डन न्हावी होता, तो गावातल्या भानगडी छापणारं एक चोपडं काढायचा, असं अनेक वर्षं छापून येत राहिलं. 1978 मध्ये डोनाल्ड मार्क्विस यांनी गावातली दप्तरं चाळून हे दोन्ही खोडून काढलं. इतिहासकाराचं असं चिवट, धुळीतलं काम जॅझच्या वाट्याला उशिरा आलं. आलं मात्र चांगलं.

दुसरी एक समजूत आणखी हट्टी आहे: जॅझ वेश्यावस्तीत जन्मलं. स्टोरीव्हिल ही न्यू ऑर्लिन्सची परवाना असल्यासारखी वस्ती 1897 ते 1917 अशी वीस वर्षं चालली. तिथल्या बड्या कोठ्यांमध्ये प्रामुख्याने एकटा पियानोवादक बसे. टोनी जॅक्सन आणि जेली रोल मॉर्टन यांनी ते काम केलं. अख्खे बँड वाजत ते आसपासच्या कॅबरेत, नाचाच्या हॉलमध्ये, लिंकन पार्क आणि जॉन्सन पार्कमध्ये, पाँचरट्रेन सरोवराकाठच्या सहलीच्या ठिकाणी. नौदलाच्या दबावाने वस्ती बंद झाली आणि बेकार झालेले वादक शिकागोला गेले, हा उत्तरार्धही तितकाच तकलादू. फ्रेडी केपार्ड आणि बिल जॉन्सन यांचा ओरिजिनल क्रिओल ऑर्केस्ट्रा 1914 पासूनच रंगमंचावरच्या विविधरंगी खेळांबरोबर देशभर फिरत होता. मॉर्टन त्याही आधी बाहेर पडला होता. वादक गेले ते दक्षिणेतून उत्तरेकडे कामासाठी निघालेल्या लाखो कृष्णवर्णीयांच्या बरोबर. त्यांचा श्रोताच स्थलांतर करत होता.

आणि मग पहिली तबकडी निघाली ती गोऱ्यांची. 26 फेब्रुवारी 1917 रोजी न्यूयॉर्कमध्ये व्हिक्टर कंपनीसाठी ओरिजिनल डिक्सीलँड जॅझ बँडने दोन चिजा वाजवल्या. पाचही वादक न्यू ऑर्लिन्सचे, म्होरक्या निक लरोका. ‘लिव्हरी स्टेबल ब्लूज’मध्ये क्लॅरिनेट कोंबड्यासारखी आरवते, कॉर्नेट घोड्यासारखं खिंकाळतं, ट्रॉम्बोन गायीसारखा हंबरतो. लोकांना गंमत वाटली, तबकडी धडाक्यात खपली. मग चाल कोणाची यावरून बँडमधले आणि बँडबाहेरचे लोक शिकागोच्या न्यायालयात गेले. न्यायाधीशांनी हक्क कोणालाच दिला नाही. लरोका म्हातारपणीही जॅझ गोऱ्यांनी शोधलं असा दावा करत राहिला, त्यामुळे या बँडकडे तुच्छतेने पाहण्याची रीत पडली. दावा हास्यास्पदच आहे. वादन मात्र तडफदार आणि नेटकं आहे, आणि त्या प्राण्यांच्या नकला वगळून ऐकलं तर या पाचांनी न्यू ऑर्लिन्समध्ये काय ऐकलं असेल याचा थोडा अंदाज येतो.

न्यूयॉर्कमध्ये त्याआधीच वेगळं काही घडत होतं. जेम्स रीस यूरोप या बँडमास्तराने उभारलेला क्लेफ क्लब ही कृष्णवर्णीय वादकांना कामं मिळवून देणारी संस्था होती, आणि 1912 मध्ये तिने शंभरावर वादकांचा ताफा कार्नेगी हॉलच्या मंचावर बसवला. पहिल्या महायुद्धात रीस यूरोपचा पलटणीचा बँड फ्रान्सभर गाजला. 1919 मध्ये बोस्टनच्या कार्यक्रमात त्याच्याच एका ड्रमरने त्याला भोसकलं आणि तो गेला. त्याचं संगीत जॅझ म्हणावं की नाही यावर वाद घालता येईल. एवढं खरं की पुढच्या मोठ्या बँडना लागणारी शिस्त आणि करारमदार त्याने आधीच करून ठेवले होते. शिस्त बोटींवरही होती. स्ट्रेकफस कंपनीच्या नदीबोटींवर फेट मॅरेबलच्या हाताखाली काम मिळालं की नोटेशन वाचावंच लागे. आर्मस्ट्राँग ते तिथेच नीट शिकला.

ब्लूजची कथा वेगळ्या रस्त्याने येते आणि वारंवार जॅझच्या रस्त्याला छेद देते. डब्ल्यू. सी. हँडी हा अलाबामात जन्मलेला, वाचणारा-लिहिणारा बँडमास्तर. 1903 च्या सुमारास मिसिसिपीतल्या टटवायलर स्टेशनवर गाडीची वाट पाहताना त्याने एका फाटक्या कपड्यातल्या माणसाला गिटारच्या तारेवर सुरी दाबून गाताना ऐकलं. हा प्रसंग हँडीच्या आत्मचरित्रातला, त्यामुळे सर्वांना पाठ. त्याच पुस्तकातला दुसरा प्रसंग जास्त बोलका आहे. क्लीव्हलंड गावी नाचाच्या कार्यक्रमात हँडीच्या तालेवार बँडला बाजूला बसवून गावातल्या तिघांना वाजवायला सांगितलं गेलं. त्यांची वाद्यं मोडकळलेली, चाल एकच, न संपणारी. आणि त्यांच्या पायाशी नाण्यांचा पाऊस. हँडीच्या सगळ्या बँडला रात्रभराचे मिळणार त्यापेक्षा ती रक्कम मोठी होती. लोकांच्या या ओबडधोबड संगीताची किंमत आपल्याला त्या रात्री कळली, असं तो मोकळेपणाने सांगतो. 1912 मध्ये त्याचा ‘मेम्फिस ब्लूज’ छापला गेला आणि हक्क त्याने किरकोळ रकमेला गमावले. 1914 चा ‘सेंट लुइस ब्लूज’ मात्र त्याने स्वतःच्या कंपनीकडून काढला. त्याच्या एका भागात हबानेराची, म्हणजे क्यूबाची लय आहे.

ब्लूजचा सांगाडा मराठी श्रोत्याला चटकन उमगेल. चार मात्रांचा एक बार, असे बारा बार म्हणजे एक आवर्तन. तीन ओळी: पहिली, तीच पुन्हा, आणि तिसरी उत्तर देणारी. प्रत्येक ओळीला चार बार मिळतात, पण गाणं साधारण दोनच व्यापतं. उरलेल्या जागेत वाद्य बोलतं. बँडमधला कॉर्नेटवाला खरा कळतो तो या मोकळ्या जागेत. सुरांचं म्हणाल तर गंधार आणि निषाद कोमल-शुद्धाच्या मधे कुठेतरी लागतात, कधी खालून ओढून. पाश्चात्त्य अभ्यासकांना याची नोंद करताना घाम फुटला. मींड आणि आंदोलनाला सरावलेल्या कानाला त्यात नवल वाटणार नाही.

10 ऑगस्ट 1920 रोजी ओकेह कंपनीसाठी मेमी स्मिथने ‘क्रेझी ब्लूज’ गायला, साथीला तिचे ‘जॅझ हाउंड्स’. कृष्णवर्णीय लोक तबकड्या विकत घेतात हे कंपन्यांना त्या खपाने पटलं, आणि ‘रेस रेकॉर्ड्स’ या नावाने स्वतंत्र बाजार उघडला. त्यातली पॅरामाउंट कंपनी तर विस्कॉन्सिनमधल्या एका खुर्च्यांच्या कारखान्याची. ग्रामोफोनची लाकडी कपाटं करता करता ते तबकड्यांकडे वळले, आणि तबकड्या अशा स्वस्त मालाच्या काढल्या की आज त्यांतून गाण्याच्या बरोबरीने खरखरही ऐकावी लागते. मा रेनी याच कंपनीची. रॅबिट फूट मिन्स्ट्रेल्सच्या तंबूतून वर आलेली ही बाई रंगमंचावर एका प्रचंड ग्रामोफोनच्या आतून गात गात बाहेर येई, गळ्यात सोन्याच्या नाण्यांची माळ. तिचा बँड काही काळ सांभाळला तो टॉमस डॉर्सीने; हाच डॉर्सी पुढे चर्चच्या गॉस्पेल संगीताचा जनक मानला गेला. तंबूत मायक्रोफोन नाही, शेवटच्या बाकापर्यंत शब्द पोचायचा, म्हणून या गायिकांची लय संथ आणि आवाज छातीतून येणारा.

बेसी स्मिथ याच परंपरेतली, आणि नि:संशय सर्वांत मोठी. 14 जानेवारी 1925 ची तिची ‘सेंट लुइस ब्लूज’ची तबकडी या सगळ्या काळातली एकच निवडायची झाली तर निवडावी. बँड म्हणावा तर फक्त दोघे: कॉर्नेटवर आर्मस्ट्राँग आणि फ्रेड लाँगशॉ पायाने भाता मारायच्या ऑर्गनवर, म्हणजे गंधर्व नाटक मंडळीच्या रंगमंचावर ज्या जातीचं वाद्य होतं त्यावर. ऑर्गनचे लांब धरलेले सूर, बेसीची ओळ, ओळीनंतरच्या रिकाम्या जागेत आर्मस्ट्राँगचं उत्तर. तिघांपैकी कोणीही घाई करत नाही.

1925 मध्ये विजेचं मुद्रण आलं आणि मायक्रोफोनने कर्ण्याची मक्तेदारी मोडली. आर्मस्ट्राँगच्या हॉट फाइव्हचं पहिलं मुद्रण त्या वर्षी 12 नोव्हेंबरचं, आणि ते अजून जुन्याच पद्धतीचं. 1927 च्या मेमध्ये हॉट सेव्हन झाला तेव्हा ट्यूबा आणि बेबी डॉड्सचे ड्रम आत आले. दोन्हींमधला फरक साध्या कानालाही कळतो. गंमत अशी की जॅझचा हा सर्वांत प्रसिद्ध बँड जवळजवळ स्टुडिओपुरताच होता. रोजच्या पोटासाठी आर्मस्ट्राँग व्हेंडोम थिएटरमध्ये अर्स्किन टेटच्या ऑर्केस्ट्रात मूकपटांना साथ करत असे आणि मग सनसेट कॅफेत रात्र जागवत असे. स्टुडिओत नाचणारे नव्हते. एका माणसाने पुढे येऊन आपलं म्हणणं पूर्ण मांडायला तिथे मोकळीक मिळाली, आणि सगळ्यांनी एकत्र विणायची न्यू ऑर्लिन्सची रीत याच तबकड्यांमध्ये मागे पडताना ऐकू येते. 1928 च्या ‘वेस्ट एंड ब्लूज’पर्यंत तो एकट्याचा मंच झाला होता.

जेली रोल मॉर्टनने उलट केलं. 1926 च्या सप्टेंबरपासून शिकागोत व्हिक्टरसाठी त्याने रेड हॉट पेपर्स या नावाने बँड जमवला, वादकांना तालमींचे वेगळे पैसे दिले आणि जुनी रीत काटेकोरपणे रचून दाखवली. ‘ब्लॅक बॉटम स्टॉम्प’ तीन-सव्वातीन मिनिटांची. त्यात पोत किती वेळा पालटतो हे पहिल्या ऐकण्यात मोजताच येत नाही. मॉर्टन बढाईखोर होता, 1902 मध्ये आपणच जॅझ शोधलं असं सांगे, आणि त्या बढाईपायी त्याच्या रचनाकौशल्याची कदर उशिरा झाली.

न्यूयॉर्कमध्ये फ्लेचर हेंडरसनच्या बँडसाठी डॉन रेडमन लेखी मांडणी करत होता: पितळी वाद्यांचा एक गट, सॅक्सोफोनचा एक, दोघांचे सवालजबाब. 1924 पासून आर्मस्ट्राँग तिथे वर्षभर होता आणि त्याच्या लयीने अख्खा बँड सैल झाला. ड्यूक एलिंग्टन 1927 च्या डिसेंबरमध्ये कॉटन क्लबात बसला. मंचावर सगळे कृष्णवर्णीय, प्रेक्षक सगळे गोरे. त्याच्या बँडमधल्या बबर मायलीचं ट्रम्पेटच्या तोंडाशी झाकण धरून गुरगुरणं किंग ऑलिव्हरला ऐकून उचललेलं. आणि कॉटन क्लबची जागा आधी ऑलिव्हरला देऊ केली होती. पैसे कमी वाटले म्हणून त्याने नाकारली. 1938 मध्ये ऑलिव्हर सव्हाना गावी वारला तेव्हा एका पूल हॉलमध्ये झाडलोट करत होता.

1929 च्या मंदीने बाकीच्यांचंही तेच केलं. किड ओरी कोंबड्या पाळत होता, क्लॅरिनेटवादक सिडनी बेशे हार्लेममध्ये शिंप्याचं दुकान चालवत होता. 1930 च्या दशकाच्या शेवटी तरुण संग्राहक या लोकांना शोधत निघाले. 1938 मध्ये अॅलन लोमॅक्सने काँग्रेस ग्रंथालयात मॉर्टनला पियानोपाशी बसवून त्याच्या आठवणी मुद्रित केल्या. न्यू आयबेरिया गावातला जुना कॉर्नेटवादक बंक जॉन्सन दात गमावून बसला होता. वर्गणी काढून कवळी बसवली गेली, करणारा दंतवैद्य बेशेचा भाऊ. बंकने बोल्डनबरोबर वाजवल्याच्या गोष्टी सांगितल्या, आणि त्या जुळाव्यात म्हणून स्वतःचं वय वाढवलं असावं असा अभ्यासकांचा संशय आहे. या सगळ्या साक्षी अनमोल आहेत, पण साक्षीदाराला पुन्हा काम हवं होतं हे वाचकाने विसरू नये.

मुंबईशी या इतिहासाचा धागा आहे, आणि तो ओढूनताणून आणलेला नाही. व्हेंडोम थिएटरमध्ये आर्मस्ट्राँगबरोबर पियानो वाजवणारा टेडी वेदरफर्ड पूर्वेकडे निघाला, शांघाय वगैरे करत 1930 च्या दशकात ताजमहाल हॉटेलात पोचला, आणि 1945 मध्ये कलकत्त्यात पटकीने गेला. जेम्स रीस यूरोपच्या ऑर्केस्ट्रातला कॉर्नेटवादक क्रिकेट स्मिथही 1936 मध्ये ताजमध्ये बँड चालवत होता. त्यांच्याकडे पाहत, त्यांच्या शेजारी बसून शिकले ते गोव्याचे वादक. गोव्याच्या चर्चशाळांमध्ये मेस्त्रींकडून, म्हणजे संगीतशिक्षकांकडून, लहानपणीच नोटेशन शिकलेले हे लोक. न्यू ऑर्लिन्सच्या क्रिओलांची आठवण व्हावी अशीच घडण, कॅथलिक आणि वसाहती. हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट आर्मस्ट्राँगच्या धर्तीवर वाजवे आणि गाई. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी त्याला सिनेमात आणलं, आणि 1951 च्या ‘अलबेला’त त्याचा बँड पडद्यावरही दिसतो. हॉटेलातल्या कामापेक्षा स्टुडिओतलं काम स्थिर होतं. इथेही हिशेब तोच.

ज्याला हे संगीत नव्याने ऐकायचं आहे त्याने वर्षांच्या क्रमाने जाऊ नये. कर्ण्याचा आवाज पहिल्याच दिवशी माणसाला पळवून लावतो. आधी मॉर्टनच्या 1926 च्या तबकड्या, मग हॉट सेव्हन, मग बेसी, आणि कान बसल्यावर ऑलिव्हर. ज्यांना कॉर्नेटचा कंटाळा येईल त्यांनी सरळ मेम्फिसला, बील स्ट्रीटच्या जग, म्हणजे बुधल्याच्या, बँडकडे वळावं. विल शेडच्या मेम्फिस जग बँडने 1927 मध्ये पहिल्यांदा मुद्रण केलं: गिटार, तोंडाचा बाजा, काझू, आणि ट्यूबा परवडत नाही म्हणून रिकाम्या बुधल्याच्या तोंडाशी फुंकर. गस कॅननच्या जग स्टॉम्पर्समधला नोआ लुइस तोंडाच्या बाजावर इतका विलाप काढतो की बुधला विसरला जातो. कॅननची 1929 ची ‘वॉक राइट इन’ ऐकावी आणि लगेच रूफटॉप सिंगर्सची, जी 1963 मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. दुसरीत दोन बारा-तारी गिटार आहेत, गळे स्वच्छ आहेत, बुधला नाही. ती गाजली तेव्हा कॅनन मेम्फिसमध्येच, ऐंशीच्या घरात होता. कोळसा आणायला त्याने बँजो गहाण टाकला होता असं सांगतात. गाण्याच्या यशामुळे स्टॅक्स कंपनीने त्याच वर्षी त्याची एक लाँग प्ले तबकडी काढली. तिच्यात बँजो त्याचा, आणि बुधला फुंकायला विल शेड.